लीडा क्विनला मारायचं नाही

ड्वेन हॅरिगनचा हात लीडाच्या गालाजवळून नुसता जायचा, तिने त्याच क्षणी मान झटकायची आणि थपडेचा आवाज नंतर भरायचा, असे ठरले होते. सकाळी तालीमही झाली होती. पण कॅमेरा सुरू झाला आणि ड्वेनने मूठ वळली. ती जबड्यावर बसल्याचा आवाज मी ऐकला. त्यात नंतर काही भरायची गरज नव्हती. लीडा मागे फेकली गेली, घोड्यांच्या पाण्याच्या डोणीवर तिची पाठ आपटली आणि ती धुळीत बसली.

"थांबवू नका, चालू राहू दे," दिग्दर्शक सॉल रेनर हलक्या आवाजात म्हणाला.

लीडा उठली. पात्राने उठायचे होते म्हणून उठली. हनुवटीवरून रक्त ओघळत असताना तिने आपले वाक्य म्हटले, "मी तुला घाबरत नाही, जेक," आणि मगच सॉल ओरडला, "कट! पोरी, जिंकलंस!"

तिने तोंडाखाली ओंजळ धरली. रक्ताबरोबर एक दाढ बाहेर आली.

"सॉरी हं," ड्वेन बोटे चोळत म्हणाला. "सॉलच म्हणाला, खरं वाटलं पाहिजे."

"वाटलं ना?" लीडा म्हणाली. "नाहीतर आत्ताच परत घ्या. तासाभरात तोंड सुजेल."

सगळे हसले. मी बाजूलाच तिच्यासारखा निळा झगा आणि तिच्या केसांसारखा टोप घालून उभी होते. मार खाऊन झाला की खिडकीतून खाली पडायचे काम माझे होते. माझा धंदाच तो. माझे नाव व्हर्ना स्टब्स. घराणे ओक्लाहोमातले, रोडिओत बिथरलेल्या घोड्यांवर बसून दाखवणारे. चालायच्या आधी मी घोड्यावरून पडायला शिकले. हॉलिवूडमध्ये नट्यांच्या बदल्यात पडायचे, जिन्यावरून गडगडायचे, जळत्या गाडीतून उडी मारायची. चेहरा त्यांचा दिसतो, हाडे माझी मोडतात. लीडाच्या बदल्यात मी सहा-सात वर्षे पडत होते आणि आम्ही मैत्रिणी होतो.

गाडीत कपडे बदलताना मी तिच्या तोंडात बर्फ धरला. झगा खांद्यावरून उतरला तेव्हा बरगड्यांवर हिरवेपिवळे डाग दिसले. दंडावर चार बोटे स्पष्ट उमटलेली.

"हे ड्वेनचं काम नाही," मी म्हटले.

"जिन्यावरून पडले."

"बाई गं, जिन्यावरून पडायचे पैसे घेते मी. जिन्याला बोटं नसतात."

ती बर्फ चोखत राहिली. मग म्हणाली, "ग्लेन चेहऱ्याला कधी हात लावत नाही, व्हर्ना. चेहऱ्यावर घर चालतं, एवढं कळतं त्याला. म्हणून आज मला भीती वाटतेय. हे तोंड बघून तो काय म्हणेल?"

ग्लेन मॅटिस तिचा नवरा. रेडिओवर निवेदक होता. साबणाची, कॉफीची जाहिरात तो अशा आवाजात करायचा की ऐकणाऱ्या बायकांना तो आपल्याच स्वयंपाकघरात उभा आहे असे वाटावे. पार्टीत तो लीडाच्या खांद्यावर शाल घालायचा. माझ्यासारख्या रांगड्या बाईलाही खुर्ची ओढून द्यायचा. टेलिव्हिजन आले, रेडिओ मागे पडला, त्याची कामे कमी झाली आणि लीडाची वाढली. घरात तो आवाज चढवत नसे. मारतानाही त्याच मऊ आवाजात बोलायचा, असे लीडा सांगायची. तेच तिला जास्त लागायचे.

तिचे खरे नाव लुडमिला कोलार. नेब्रास्कातल्या ओमाहाच्या चेक वस्तीतली पोर. बाप कत्तलखान्यात होता. रांगेतून येणाऱ्या बैलाच्या कपाळावर घणाचा घाव घालायचा, हे त्याचे काम. संध्याकाळी घरी आला की हात धुवायचा आणि कधी कधी न धुताच बायकोवर उगारायचा. लीडा विसाव्या वर्षी बसने लॉस एंजेलिसला आली. एका स्टुडिओने तिला नाव दिले, दात सरळ करून दिले आणि वर्षानुवर्षे मारले. कुणी तिचा गळा दाबला, कुणी तळ्यात बुडवले, कुणी पाठीत गोळी घातली. नायिका दुसरीच असायची, आणि लीडा मेल्याशिवाय नायकाला राग यायचा नाही. "माझ्या मरणावर बऱ्याच जणांची लग्नं जमलीत," ती हसून म्हणायची. काम मात्र ती मन लावून करायची. मरतानाचा तिचा चेहरा बघून हलक्यातल्या हलक्या सिनेमातही प्रेक्षक गप्प व्हायचे.

दाढ पडली त्या आठवड्यातल्या रविवारची गोष्ट. नंतर तिने मला सांगितली तशीच सांगते.

दुपारची वेळ. लीडा सिंकपाशी भांडी घासत होती. सहा वर्षांची नेली टेबलाखाली बाहुलीचे घर मांडून बसली होती. ग्लेन आत आला, तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले आणि सूज निरखली.

"उतरत नाहीये," तो म्हणाला. "मंगळवारी त्या मालिकेसाठी तुला बघणार आहेत. मुख्य भूमिका. तू त्याला मारू का दिलंस?"

"मी दिलं नाही. त्यानं मारलं."

"दुसऱ्या माणसाला तू तोंडाला हात लावू दिलास, राणी." अगदी मऊ आवाजात. मग त्याने तिचे केस मुठीत धरले आणि डोके सिंकमधल्या पाण्यात दाबले. वर काढले. पुन्हा दाबले. तिसऱ्या खेपेला तो तिला वर काढेना. पाणी लादीवर सांडत होते. नेली टेबलाखालून आली आणि तिने बापाच्या पायाला मिठी मारली. ग्लेनने पाय झटकला. बूट पोरीच्या छातीवर बसला आणि ती कपाटावर जाऊन आदळली.

तेवढ्यात त्याची पकड सैल झाली. लीडाच्या हाताला सिंकशेजारचा बिडाचा तवा लागला. तिने वळून तो त्याच्या कपाळावर घातला. ग्लेन गुडघ्यांवर बसला. एक हात लादीवर टेकून त्याने वर पाहिले.

"लीडा," तो म्हणाला. तोच आवाज.

तिने पुन्हा घातला.

मग पोरीला उचलून बाहेर पायरीवर नेऊन बसवले आणि पोलिसांना स्वतःच फोन केला. पोलीस आले तेव्हा तिच्या केसांतून पाणी ठिबकत होते आणि ती नेलीला विचारत होती, "श्वास घेताना दुखतं का गं? इथं दुखतं?" नेली काहीच बोलत नव्हती. पुढेही दोन-अडीच वर्षे ती बोलली नाही, म्हणून कोर्टाने तिची साक्ष घेतलीच नाही. ग्लेनच्या आईने तिला फ्रेस्नोला नेले.

खटल्याला गर्दी उसळली. सरकारी वकिलाचे नाव प्रेंटिस. देखणा, शांत माणूस. साक्षीच्या पहिल्याच दिवशी ग्लेनचे नाव निघाल्यावर लीडाला रडू आले. प्रेंटिसने तिला रडू दिले, रुमालही दिला.

"मिसेस मॅटिस, आजवर पडद्यावर किती वेळा रडलात?"

"पगार मिळाला तितक्या वेळा," ती सवयीने बोलून गेली. कोर्टात हशा पिकला. त्यानंतर ती रडली नाही. डोळे कोरडे ठेवून बोलली, तर वर्तमानपत्रांनी तिला दगड म्हटले.

माझी साक्ष झाली. वळ कुठे होते, कसे होते, सगळे सांगितले.

"मिस स्टब्स, तुमच्या अंगावर आज एखादा वळ आहे?" प्रेंटिसने विचारले.

मी बाही वर केली. आदल्या आठवड्यात घोडागाडीखाली आले होते. "आहे की."

"कुणी मारलं?"

"कुणी कशाला मारेल? कामावर लागलं."

"म्हणजे या धंद्यात अंगावर वळ उठतात."

"माझ्या! तिच्या नाही! ती पडतच नाही साहेब, तिच्या बदल्यात मी पडते!"

"अस्सं. मग नवरा गेला त्याच आठवड्यात त्यांची दाढ कशी पडली?"

"ड्वेन हॅरिगनच्या ठोशानं," मी म्हटले.

"कुठे?"

"चित्रीकरणात."

"धन्यवाद," प्रेंटिस म्हणाला आणि ज्यूरीकडे वळला. मी काहीतरी ओरडले. विचारले तेवढेच सांगा, असे न्यायाधीशांनी बजावले. लीडाचा रंगभूषाकार ते वळ रोज पावडरीखाली झाकायचा. तो आलाच नाही. त्याला कामावरून काढतील अशी भीती होती.

शेवटी प्रेंटिसने लीडाला विचारले, "पहिल्या घावानं ते खाली बसले होते ना?"

"हो."

"गुडघ्यांवर होते. तुमच्यावर हात उगारलेला नव्हता."

"नव्हता."

"मग दुसरा घाव कशासाठी?"

"तो उठत होता."

"मी विचारतोय, ते गुडघ्यांवर होते ना?"

"गुडघ्यांवरूनच माणूस उठतो," लीडा म्हणाली.

मग तिचा बाप काय काम करायचा हे प्रेंटिसने तिच्याच तोंडून वदवून घेतले. कत्तलखाना, घण, कपाळ. ज्यूरीतल्या एका बाईने डोळे मिटून घेतले. लीडाच्या वकिलाने उठून पुष्कळ आदळआपट केली, पण ते चित्र पुसले गेले नाही. खुनाचा आरोप टिकला नाही. सदोष मनुष्यवध ठरला. लीडा तुरुंगात गेली.

मी महिन्यातून एकदा भेटायला जायची. तिथे तिच्याच बराकीतल्या एका दणकट बाईला लीडा डोळ्यासमोर नको होती. "ए सिनेमावाली, रडून दाखव ना," असे तिने रोजचे लावले होते. लीडा उत्तर देत नसे. एका सकाळी त्या बाईने लीडाचा हात लोखंडी दारात घातला आणि दार लोटले. दोन बोटे मोडली. ती नीट बसली नाहीत, वाकडीच राहिली.

"ओरडलीस का?" मी विचारले.

"नाही. ती तेच ऐकायला उभी होती."

पावणेतीन वर्षांनी ती सुटली. मुलीला भेटायची परवानगी मिळेना. वाढदिवसाला पाठवलेला खोका न उघडता परत यायचा. लीडाने फ्रेस्नोला जाऊन त्या घराची घंटा वाजवली, तर सासूने दारातूनच सांगितले, "तिला आता कुठं बोलता यायला लागलंय. परत मुकी करायचीय का?" लीडा मागे फिरली. पुन्हा गेली नाही.

काम मागायला ती मॉर्टी एडलमन नावाच्या निर्मात्याकडे गेली. मी सोबत होते. मॉर्टी खुशीत आला.

"लीडा! अगं, तुझ्यासाठी सोन्यासारखी गोष्ट आहे. नवऱ्याला विष घालणारी बाई. सगळा देश टीव्हीपुढं बसेल बघ!"

"मी कुणाला मारणार नाही, मॉर्टी."

"बरं, मग तो तुला मारेल. त्यात तर तुझा हात धरणारं कुणी नाही."

"मी मरणारही नाही."

मॉर्टी माझ्याकडे बघून हसला. "ही मारणार नाही, मरणार नाही. मग पडद्यावर करणार काय?"

"दार उघडीन," लीडा म्हणाली. "कॉफी देईन. पोलिसांना सांगीन, तो त्या बाजूनं पळाला. देशात असलं करणाऱ्या बायका काय कमी आहेत?"

आणि खरेच, पुढची दहा-बारा वर्षे तिने टीव्हीवर तेच केले. शेजारीण, नर्स, शाळेची मुख्याध्यापिका, हॉटेलची मालकीण. वाकडी बोटे दिसू नयेत म्हणून उजव्या हातात रुमाल नाहीतर हातमोजा. छोटी छोटी कामे, पण त्या बायका खऱ्या वाटायच्या. लोक तिची जुनी भानगड विसरले, नाव विसरले, चेहरा तेवढा ओळखायचे. भाजीच्या दुकानात एखादी बाई थांबवून विचारायची, "आपण कुठं भेटलोय का?" लीडा म्हणायची, "तुमच्या घरीच." सेटवर नवा लेखक आला की सहायक त्याला आधीच बजावायचा, "लीडा क्विनला मारायचं नाही." तो विनोदच होऊन बसला होता.

मलाही तो विनोदच वाटायचा. मग एका मोठ्या दिग्दर्शकाने तिला बोलावले. सिनेमाची भूमिका. खाणकामगारांच्या संपात मुलांना पाठीशी घालून उभी राहणारी आई. पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत तीच. शेवटी मालकांचे गुंड तिला गोळ्या घालतात. लीडाने पटकथा वाचली आणि रात्रभर झोपली नाही. सकाळी त्याला जाऊन विचारले, "शेवटी ही जगली तर चालेल?" त्याला वाटले, बाई चेष्टा करतेय. भूमिका दुसरीला गेली आणि त्या दुसरीचे नाव झाले.

मी तिच्यावर भडकले. "जन्मभर वाट बघितलीस असल्या कामाची! मेलीस असतीस एकदा, काय बिघडत होतं? पूर्वी काय कमी मेलीस?"

"पूर्वी नेली बघण्याएवढी नव्हती."

"म्हणजे?"

"तिनं बापाला मेलेलं बघितलंय, व्हर्ना. मी मेलेली तिनं बघायची नाही. खोटी खोटीसुद्धा नाही. फ्रेस्नोत टीव्ही लावला आणि मी दिसले, तर दार उघडताना दिसेन, कॉफी देताना दिसेन. मालिका संपली तरी मी जिवंत असेन."

मी तिच्या कपात कॉफी ओतली.

ती मुलगी आली ते चौऱ्याहत्तर साल. एव्हाना माझे खुब्याचे हाड शेवटचे मोडले होते आणि मी काठी घेऊन चालायची. शनिवारी दुपारी मी लीडाच्या बर्बँकच्या घरी जेवायला असायची. दार वाजले म्हणून मीच उघडले. उंच पोरगी, पाठीवर पिशवी, प्रवासाने मळलेली. हनुवटी ग्लेनची.

"लीडा क्विन इथं राहतात?"

लीडा स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात अर्धा चिरलेला कांदा.

"मी नेल मॅटिस," मुलगी म्हणाली. "आजी मागच्या महिन्यात वारली. मला तुम्हाला एकच विचारायचंय, मग मी जाईन. माझ्या बाबांना तुम्ही का मारलंत?"

लीडाने कांदा खाली ठेवला. "तुला काय आठवतं?"

"लादी ओली होती. आणि बाबांचा बूट. बाकी काही नाही." तिने पाठीवरची पिशवी सावरली. "आजी म्हणायची, तुम्ही काय सांगाल त्यावर विश्वास ठेवू नकोस. खोटं खरं करून दाखवायचेच तुम्हाला पैसे मिळतात."

"अगं, सांग की तिला!" मी म्हटले. "सिंकचं सांग. तिच्या छातीचं सांग!"

"व्हर्ना, तू गप्प बस."

"का म्हणून गप्प बसू?" मी त्या मुलीकडे वळले. "पोरी, हिनं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम सोडलं, माहितीये? कारण त्यात मरायचं होतं. तू टीव्हीवर बघशील म्हणून ही बाई इतकी वर्षं एकदाही मेली नाही!"

नेलला ते कळायला वेळ लागला. मग ती हळूच म्हणाली, "आजीकडे टीव्ही नव्हता. सिनेमालाही जाऊ द्यायची नाही. पाप म्हणायची. मी तुम्हाला कशातच बघितलं नाही कधी."

शेगडीवर भांड्याचे झाकण वाजत होते. लीडा वळली आणि आमच्याकडे पाठ करून तिने गॅस बारीक केला. मला तिच्याकडे बघवेना.

"शेपू घालून बटाट्याचं सूप केलंय," ती म्हणाली. "माझी आई करायची तसं. लांबून आलीयेस. जेवून जा."

मुलगी नको म्हणेल असे मला वाटले. पण तिला भूक लागली असावी. ती टेबलाशी बसली. लीडाने वाडगा पुढे ठेवला. नेलने दोन-तीन चमचे खाल्ले, थांबली, पुन्हा एक चमचा खाल्ला.

"मीठ कमी आहे जरा," ती म्हणाली. लगेच ओशाळली. "मी घेते. उठू नका."

लीडा खुर्चीवर वाकून पाव कापत होती. तिच्या मागच्या फळीवर बरण्या होत्या. नेल उठली, तिच्या पाठीशी आली आणि बरणी काढायला तिने हात वर केला.

लीडाची सुरी खाली पडली. दोन्ही कोपर झटक्यात वर आले, डोके त्यांच्यामध्ये गेले, मान खांद्यांत घुसली आणि वाकडी बोटे मानेवर घट्ट दाबली गेली. ती खुर्चीतच लहान झाली. तोंडातून आवाज नाही. नुसता धरून ठेवलेला श्वास.

नेलचा हात हवेतच राहिला. तिने त्या हाताकडे पाहिले, खाली वळलेल्या डोक्याकडे पाहिले. मग तिचा दुसरा हात आपोआप स्वतःच्या छातीवर, बरगड्यांच्या मधोमध जाऊन टेकला.

मग नेलने वरचा हात सावकाश खाली आणला. वळसा घालून ती आपल्या खुर्चीकडे गेली, बसली आणि दोन्ही तळहात टेबलावर, लीडाला दिसतील असे, उताणे ठेवले.

लीडाचे कोपर खाली यायची तिने वाट पाहिली.

"मीठ कुठं ठेवतेस तू?" तिने विचारले.